शरीरात बसविलेल्या धातूचा हिशेब

सोयाबीनचे बियाणे उगवले नाही, तर हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी पिशवीवरील लेबल आणि दुकानाची पावती घेऊन कृषी कार्यालय गाठतो. लेबलावर लॉट क्रमांक असतो, म्हणून त्याच्या तक्रारीला आधार मिळतो. याच शेतकऱ्याच्या खुब्यात कृत्रिम सांधा बसविला असेल, तर त्याचा लॉट क्रमांक त्याला बहुधा सांगता येणार नाही. पिशवीचा हिशेब ठेवावा आणि शरीरातील धातूचा ठेवू नये, ही विसंगती किती घातक ठरते, हे 'एएसआर' सांध्याच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे.

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीचा हा सांधा. त्याच्या एका प्रकारात मांडीच्या हाडाचा गोळा कापून न टाकता तासून त्यावर धातूची टोपी चढवीत. दुसऱ्यात संपूर्ण सांधाच बदलीत. दोहोंत धातूवर धातू फिरत असे. प्लॅस्टिकची वाटी झिजते, धातू टिकेल, आणि तरुण रुग्णाचे हाडही वाचेल, ही कल्पना मुळात वाईट नव्हती. परंतु घर्षणाने कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटू लागले, ते रक्तात उतरले, भोवतालचे स्नायू व ऊती निकामी होऊ लागल्या आणि कित्येकांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली. या सांध्याची वाटी उथळ असल्याने भार कडेवर येई आणि झीज वाढे.

हा दोष उघड होण्यात ऑस्ट्रेलियातील सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदवहीचा वाटा मोठा होता. डिसेंबर २००९ मध्ये तेथील बाजारातून आणि २४ ऑगस्ट २०१० रोजी जगभरातून हा सांधा मागे घेण्यात आला. तोवर जगात सुमारे ९३,००० आणि भारतात सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदविली. केंद्राने २०१७ मध्ये नेमलेल्या डॉ. अरुण अग्रवाल समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली; पुढे ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांचे सूत्र ठरले, त्याला कंपनीने न्यायालयात आव्हान दिले. परंतु भरपाई द्यायची कोणाला? साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा मागच लागला नव्हता!

सांधेरोपण हे असंख्य वृद्धांना पुन्हा चालते करणारे वरदान आहे, याविषयी दुमत नाही. टोपीच्या पद्धतीचे सगळेच सांधे सारखे सदोष होते, असेही नाही. मात्र चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे जाहिरात सांगत नाही. हजारो रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंदच सांगते. आपल्याकडे २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी योजना आहे, २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियमही आहेत. तरीही अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेची सांध्यांची नोंदवही ऐच्छिकच राहिली. ज्याच्या इच्छेवर नोंद अवलंबून, त्याच्या आळसावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून!

हिंगोलीचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नांदेड, हैदराबाद वा मुंबई गाठतो; तो घरी परततो, त्याची फाइल तेथेच राहते. दहा वर्षांनी धोक्याची सूचना निघाली, तर ती सेनगाव वा कळमनुरीच्या खेड्यात पोचावी कशी? म्हणून प्रत्येक रोपणाची नोंद कायद्याने सक्तीची करावी आणि तिची प्रत रुग्णाच्या जिल्हा रुग्णालयाकडे यावी. सांध्याच्या वेष्टनात लॉट क्रमांकाच्या चिकटचिठ्ठ्या येतात. त्यांतील एक रुग्णाच्या हाती देण्यास खर्च तो काय येणार?

कायदा होईल तेव्हा होईल. आई-वडिलांना रुग्णालयातून घरी आणताना शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने ती चिठ्ठी मागून घ्यावी आणि शेताच्या सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावी.