हातांची बोली आणि कानांची परीक्षा

गेल्या महिन्यात एक आजी आपल्या ९ महिन्यांच्या नातवाला गोवर-रुबेलाची लस देण्यासाठी दवाखान्यात घेऊन आल्या. काम आटोपल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘‘डॉक्टर, सूनबाई बाळाला हातवारे शिकवते आहे. दूध हवं तर मूठ उघडमीट करायची, पोट भरलं तर दोन्ही हात हलवायचे. हातानं काम भागलं तर तो तोंडानं कशाला बोलेल? मुका तर राहणार नाही ना?’’

मी उलट विचारले, ‘‘आजी, तुम्ही त्याला टाटा करायला शिकवलंत का? बाप्पाला जय करायला?’’ ‘‘ते तर केव्हाच!’’ असे म्हणून त्या हसल्या. सूनबाई करत होती ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

ही शंका अनेक घरांतील ज्येष्ठांच्या मनात असते, म्हणून आज तिचाच विचार करू.

शब्द उच्चारण्यासाठी ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचा फार सूक्ष्म मेळ जमावा लागतो. तो जमायला साधारण १ वर्ष लागते. हातांवरचा ताबा मात्र त्याआधी येतो, आणि समज तर त्याहूनही आधी. म्हणजे काय हवे हे बाळाला कळते, पण सांगता येत नाही, असा काही महिन्यांचा काळ जातो. त्या काळातील रडण्यात ही अडचणही पुष्कळ असते. खूण ही त्या अडचणीवरची छोटीशी वाट आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची चिमुकली कन्या फूल दिसले की हुंगल्यासारखे नाक करी. तेच तिचे ‘फूल’ होते. १९८०च्या दशकात अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुसान गुडविन यांनी अशा खुणांचा अभ्यास सुरू केला. त्यातून पुढे ‘खुणा शिकवा, मूल हुशार होईल’ अशी जाहिरातबाजीही झाली. तिला भुलू नये. इंग्लंडमध्ये ४० बाळांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुणा शिकलेली मुले इतरांपेक्षा लवकर बोलू लागली, असे दिसले नाही. मात्र त्यांच्या माता बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडे अधिक लक्ष देऊ लागल्या, असे आढळले. खुणांमुळे मूल बोलायचे थांबते, असाही पुरावा नाही. आजींच्या शंकेचे उत्तर इतके सरळ आहे.

आता पद्धत पाहू. साधारण ७ ते ९ महिन्यांच्या सुमारास आरंभ करावा. एकदम ३ किंवा ४ खुणा पुरेत. ‘दूध’साठी मूठ उघडमीट करावी. ‘मम्मं’साठी बोटांची टोके ओठांना लावावीत. ‘झोप’साठी जोडलेले तळवे गालाशी धरावेत. ‘संपलं’साठी रिकामे तळवे उघडून दाखवावेत. खूण करताना प्रत्येक वेळी शब्द स्पष्ट उच्चारावा, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. खूण शब्दाची सोबतीण आहे, बदली नव्हे. जेवताना जेवणाची खूण, निजताना झोपेची, असा प्रसंग आणि खूण यांचा मेळ राखावा. बाळाचे लक्ष आपल्या चेहऱ्याकडे असतानाच खूण करावी. घरातील सर्वांनी एकच खूण वापरावी, नाहीतर बाळ गोंधळते.

बाळाने पहिली खूण उलट करण्यास काही आठवडे, कधी एक-दोन महिनेही लागतात. ती वेडीवाकडी असली तरी ओळखून लगेच प्रतिसाद द्यावा. ‘आधी खूण कर, मगच दूध देईन’ असा हट्ट मात्र कधीही धरू नये. भुकेल्या जिवाची परीक्षा घ्यायची नसते.

ज्येष्ठांसाठी दोन शब्द. सांधेदुखीमुळे बोटे वळत नसतील, किंवा हाताला कंप असेल, तर संपूर्ण हाताने होणाऱ्या मोठ्या खुणा निवडाव्यात. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्चीत बसून बाळाला समोर मांडीवर घ्यावे. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना बाळाचे पुसट बोबडे बोल उमगत नाहीत; त्यांना तर खूण विशेष उपयोगी पडते. नातवंडे परदेशी असतील तर व्हिडिओ कॉलवरही ‘टाटा’ आणि ‘मम्मं’ची देवाणघेवाण होऊ शकते. त्यापलीकडे २ वर्षांखालील मुलाच्या हाती मोबाइल देऊन खुणा शिकवू नयेत. त्या माणसाकडूनच शिकायच्या असतात.

आता एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी एक आजोबा दीड वर्षाच्या नातवाला माझ्याकडे घेऊन आले होते. मूल चुणचुणीत होते, बोट दाखवून सगळे मागत होते, पण एकही शब्द बोलत नव्हते. ‘‘काही मुलं उशिरा बोलतात, धीर धरा,’’ असे मी सांगितले. ८ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी करवली, तेव्हा दोन्ही कानांना जवळजवळ ऐकू येत नसल्याचे निष्पन्न झाले. मूल हातांनी इतके छान बोलत होते की त्याचे न ऐकणे आम्हा कोणालाच दिसले नाही. ते ८ महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही.

म्हणून खुणांचे कौतुक करताना कानांचा विसर पडू देऊ नका. जन्मतः श्रवणदोष असणारी बाळे दर हजारी साधारण १ ते ३ असतात. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांचा आरंभ, हा आदर्श क्रम होय. तो हुकला असेल तर आजच तपासणी करून घ्या. ती वेदनारहित असते. १२ महिन्यांपर्यंत बाळ बडबडत नसेल किंवा टाटा, बोट दाखवणे असे काहीच करत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरू लागले, तर वाट पाहू नये. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत वाचा व श्रवण तपासणीची सोय आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

श्रवणदोष निघालाच तर खचू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे. आपल्या बाळखुणा म्हणजे ती भाषा नव्हे. पण अशा मुलाच्या घरी आजी-आजोबांनीही ती शिकायला घेतली, तर ते मूल घरात एकटे पडत नाही.

त्या आजींना निघताना मी एवढेच म्हटले, ‘‘खुणा खुशाल करा, पण तोंड बंद ठेवू नका. आणि एक दिवस त्याच्या पाठीमागून, त्याला न दिसता, हळूच हाक मारून पाहा.’’ तुमच्या घरी बाळ असेल तर आज तुम्हीही पाहा. ते वळले म्हणून तपासणी टाळू नका. न वळले, तर मात्र उद्याची सकाळ दवाखान्यासाठी राखून ठेवा.