पत्ता नसलेले टपाल

गेल्या पाडव्याला पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, तुम्हाला एक भारी प्लेलिस्ट पाठवलीय, नक्की ऐका." मी चष्मा लावला आणि यादी उघडली. गाणी तीनशे बारा! एका गाण्याला चार मिनिटे धरली तरी जवळजवळ एकवीस तास होतात. मी त्याला उलट फोन केला आणि विचारले, "यातलं आधी कुठलं ऐकू?" तो म्हणाला, "कुठलंही ऐका हो. मीसुद्धा सगळी कुठं ऐकलीत? ग्रुपवर टाकली होती, तुम्हालाही पाठवली."

छत्तीस वर्षे मी पोस्टात काढली. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. टपालाला पत्ता लागतो. आत मजकूर दोन ओळींचा का असेना, वर नाव-गाव असले की ते पत्र होते. आणि ज्यावर कुणाचेच नाव नाही, जे कुणाच्याही दारात टाकता येते, त्याला आम्ही हँडबिल म्हणत असू. माझ्या पुतण्याने मला हँडबिल पाठवले होते. तो भला मुलगा आहे, त्याच्यावर राग नाही. पण या प्रकाराला 'गाणी शेअर करणे' म्हणतात, याबद्दल मात्र मला भांडायचे आहे.

भांडण दोन आघाड्यांवर आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर अर्धे वाचक आताच माना डोलावू लागतील.

पहिली आघाडी आमच्याच वयाच्या लोकांविरुद्ध. शहापूर-टिळकवाडीतल्या कुठल्याही दिवाणखान्यात जा, "मोबाइलनं गाणं मारलं हो" हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. मंडळी, जरा आठवा. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर आपलेच मराठी गृहस्थ. त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. विविध भारती सुरू व्हायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. तोपर्यंत काय ऐकावे हे दिल्लीतला एक माणूस ठरवीत होता. पुढे 'आपली आवड' आली, फर्माइशीची कार्डे आली. ती कार्डे माझ्या हातांखालून गेली आहेत. पंधरा पैशांच्या कार्डावर एक गाणे आणि खाली घरादाराची नावे! गाणे लागले तर लागले, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा कार्ड. त्या काळाचे गोडवे मीही गातो, पण आज माझी नात बसल्या जागी मन्सूरअण्णांचा पहाटेचा राग लावून देते, तेव्हा तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही.

आणि आमच्या कॅसेटी? खडे बाजारात कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने होती. वहीचे पान फाडून त्यावर यादी लिहायची, साठ मिनिटांची कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी घेऊन जायची. एका बाजूला जेमतेम आठ-नऊ गाणी. दुकानदार चोरी करीत होता आणि आम्ही चोरीचा माल घेत होतो. गायकाला त्यातला छदामही मिळत नव्हता. तेव्हा 'आमच्या वेळी' हे पुराण पुरे. नव्या साधनाने गाणे मेलेले नाही.

पण एक गोष्ट त्या चोरीच्या कॅसेटीत होती. एका बाजूला नऊच गाणी मावतात म्हटल्यावर दहावे खोडावे लागे. ते खोडताना, ही कॅसेट ज्याला द्यायची त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागे. यालाच मी पत्ता म्हणतो.

आता दुसरी आघाडी. गाण्यांच्या ज्या दोन ॲपवर नातीने मला नेऊन सोडले, त्या दोन्हींनी दारातच अडवून एक प्रश्न विचारला : तुमची भाषा कोणती? वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिरगणतीवाला विचारतो, शाळा विचारते, सरकारी कचेरीतला फॉर्म विचारतो, आणि उत्तर देताना आपला आवाज थोडा चढतोच. एकच जागा अशी होती की जिथे हे कुणी विचारले नाही. ती म्हणजे गाणे. कुमार गंधर्व इथून हाकेच्या अंतरावर, सुळेभावीत, १९२४ साली जन्मले. घरची भाषा कन्नड, मुंबईत गुरू देवधर, आयुष्य गेले माळव्यात देवासला, आणि गायले कबीरही व तुकारामही. सवाई गंधर्व कुंदगोळचे. पण नाव झाले मराठी रंगभूमीवर. भीमसेनअण्णांनी संतवाणी गायली तशीच दासवाणी गायली; तुकोबा आणि पुरंदरदास एकाच गळ्यातून आले. यांची मायबोली कोणती हे आम्ही कधी विचारलेच नाही.

ॲपवर एकाहून अधिक भाषा निवडता येतात, हे खरे. मी दोन्ही निवडल्या. मग काय झाले? दोन फडताळे झाली. एकात मराठी भीमसेन, दुसऱ्यात कन्नड भीमसेन. एका फडताळातून दुसऱ्यात आपणहून काही येत नाही. तुम्ही जे ऐकता त्याच्यासारखेच आणखी येते. अभंग ऐकला की आणखी अभंग, आणखी अभंग. यंत्राचा यात दोष नाही. त्याला तेवढेच शिकवले आहे. दोष आपला आहे, कारण फडताळांमधली भिंत ओलांडायचे काम नेहमी माणसाचे होते आणि ते आपण सोडून दिले.

हे काम माझ्या बाबतीत ज्याने केले त्याचे नाव लिहीत नाही, त्याला आवडले नसते. गल्लीत समोरच राहायचा. कन्नड हायस्कुलात गणित शिकवायचा. मी त्याला 'मास्तर' म्हणे, तो मला 'पोस्टसाब'. १९७८ पासूनचा शेजार. पहिली कॅसेट त्याने दिली ती वचनांची. मी म्हटले, "मास्तर, मला यातलं निम्मं कळत नाही ओ." तो म्हणाला, "निम्मं कळतंय न्हवं? मग बाकीचं निम्मं सूर सांगतोय की." मी त्याला नाट्यगीते दिली. त्याने आठ दिवसांनी परत दिली आणि म्हणाला, "छलो ऐती, पण पोस्टसाब, तिसरं गाणं लई लांबवलंय." आवडीनिवडी जुळल्या असे कधीच झाले नाही. मैत्री झाली ती न जुळण्यावरच.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. माझी बाजू कोणती होती हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको, आणि मी ती आजही बदललेली नाही. मास्तरची बाजू दुसरी होती. त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही गल्लीत समोरासमोर राहून एकमेकांशी बोललो नाही. पाडव्याला त्याचा मुलगा फराळाचे ताट घेऊन आला. रुमालाखाली चकल्यांशेजारी एक कॅसेट होती. दासवाणीही नव्हे आणि वचनेही नव्हेत. त्याने माझ्यासाठी हुबळीहून मराठी अभंग भरून आणले होते. त्यात न्याय-अन्यायाचा निवाडा नव्हता. त्या ताटात काय घालायचे याचा त्या माणसाने पाच महिने विचार केला होता, एवढेच मला कळले. रिकामे ताट परत देत नाहीत, ही रीत दोन्ही भाषांत आहे. मी परतीच्या ताटात काय घातले ते सांगत बसत नाही.

आता मला सांगा, हे यंत्र करील? २०२१ साली स्पॉटिफायने एक सोय आणली. दोन मित्रांनी जोडून घ्यायचे, यंत्र दोघांचे ऐकणे तपासून एक सामायिक यादी बनवते, रोज बदलते आणि वर तुमची आवड किती टक्के जुळते तेही सांगते. पत्रिका जुळवतात तशी! गंमत म्हणून ठीक आहे. पण यंत्र शोधते ते जुळणारे. मास्तरने मला दिले ते न जुळणारे. माझ्या ऐकण्यावरून वचनांचा पत्ता कुठल्याही यंत्राला लागला नसता.

याच ॲपवर मित्रांनी आपल्या हाताने, दोघांनी मिळून भरायची यादीही असते. तिच्या मी बाजूने आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गल्ली ओलांडणे बंद झाले, तेव्हा त्याच्या नातवाने आणि माझ्या नातीने आम्हा दोघांना अशी एक यादी करून दिली. नियम मास्तरने घातला : दिवसाला एकच गाणे, आणि ते का, हे फोनवर सांगायचे. पुढे गल्ली मोकळी झाली तरी यादी अधूनमधून चालू राहिली. चौऱ्याण्णव गाणी झाली. २०२४ च्या जानेवारीत मास्तर गेला. महिन्याभराने मुलाने त्याचे खाते बंद केले आणि यादी माझ्या फोनवरून नाहीशी झाली, कारण ती त्याच्या खात्यावर होती. कंपनीला लिहिले; उत्तर आले की ज्याचे खाते त्याची यादी. पोस्टाची सवय म्हणून मी गाणी एका जुन्या रजिस्टरात उतरवीत होतो. पण एकसष्टाव्या गाण्यानंतर मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि लिहिणे राहिले ते राहिलेच. वरची तेहतीस गाणी कोणती, हे आता मला सांगणारा कुणी नाही.

तेव्हा हे लक्षात ठेवा : ॲपवरची यादी आपल्या मालकीची नाही. २०२० साली गुगलचे प्ले म्युझिक बंद झाले, २०२४ साली विंक बंद झाले. २०२३ च्या मार्चमध्ये करार अडला म्हणून झी म्युझिकची गाणी भारतात स्पॉटिफायवरून एकाएकी गेली. भाड्याच्या घरात भिंतीवर खिळा मारतानाही आपण मालकाला विचारतो, आणि इथे तर पोरांची अख्खी तरुणाई टांगलेली आहे.

आणखी एक हिशेब सांगतो. हा आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी ऐकावा. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान हजार वेळा ऐकले गेले नाही, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. आता वीस घरांनी एक गाणे आठवड्यातून एकदा लावले, तर वर्षाला ते एक हजार चाळीस वेळा होते. ऐकणारे पुरेसे वेगवेगळेही असावे लागतात आणि ते किती, हे कंपनी उघड करीत नाही. म्हणून वीसऐवजी पन्नास घरे धरा. हाती पडतील ते पैसे थोडेच. पण वडगावच्या एखाद्या पोराने गायलेला अभंग हिशेबात धरला जाणे वा न जाणे यातले अंतर एवढेच आहे. तीनशे बारा गाण्यांच्या ढिगात त्याचे गाणे शंभर घरी पाठवून उपयोग नाही; तिथवर कुणी पोचणारच नाही. दहाच्या यादीत पाठवले, तर पोचतील.

म्हणून सांगतो, यादी दहाची करा. एका माणसासाठी करा आणि दुसऱ्याला पाठवायची झाली तर बदला. त्यातली निदान तीन गाणी त्याच्या भाषेतली नसू द्यात. प्रत्येकापुढे ते का, हे दोन शब्दांत लिहा. आणि हे सगळे एका कागदावर उतरवून ठेवा. एवढे कष्ट नको असतील तर पाठवू नका. कुणाचे काही अडलेले नाही.

पुतण्याला मी दहा गाणी पाठवली आहेत. चौथे त्याला आवडणार नाही, हे लिहूनच पाठवले आहे. मास्तरच्या नातवाला रजिस्टरातली एकसष्ट पाठवली, अगदी क्रमाने. दहाचा नियम मी तिथे मोडला. परवा त्याचे उत्तर आले. एकच गाणे, आणि खाली कन्नडमध्ये एवढेच : अज्जा हे रोज ऐकायचा.

ते गाणे हरवलेल्या तेहतिसांतले आहे की नाही, मला माहीत नाही. रजिस्टरात बासष्टाव्या ओळीवर मी ते लिहून ठेवले आहे.