झेंडू वाहिले, तेल कोण बदलणार?

सेमाडोह आणि वेगवान यांत्रिक बोट ही जोडी ऐकून वाचकांना हसू येईल. इथे सागाचे जंगल आहे, गवे आहेत आणि मे महिन्यात जेमतेम घोटा भिजेल एवढी सिपना आहे. पण हीच सिपना श्रावणात ज्यांनी पाहिली, ते हसणार नाहीत. सातपुड्यातल्या नद्यांचा स्वभावच असा. डोंगरात ढग फुटला की बघता बघता पाणी चढते आणि पलीकडचे गाव पलीकडेच राहते.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. शोधकार्य एका दिवसात संपले नाही. अशा प्रसंगी जोरकस इंजिनाची बोट ही चैन राहत नाही. पहिल्या दोरीला ती सुरू झाली पाहिजे, एवढीच तिची परीक्षा. आणि माझे म्हणणे असे, की आपण बोटी विकत घेतो, पण त्या सांभाळत नाही.

परतवाड्याला माझा जन्म ऑइल इंजिने आणि जीपगाड्या दुरुस्त करण्यात गेला. आता सेमाडोहला असतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने शेडमध्ये पडलेली जुनी फायबरची बोट मला दाखवली. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या संस्थेचा नाही. बोटीचे इंजिन एके काळी मोठे वेगवान म्हणून आणलेले. लोक म्हणाले, इंजिन जुने झाले. मी उघडून पाहिले, तर झिजेचे नावही नव्हते. ते चालून नव्हे, पडून पडून बिघडले होते.

बोटीच्या इंजिनाचे दुखणे समजायला कठीण नाही. त्याला रेडिएटर नसतो. खालचा पंप नदीचेच पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. त्या पंपात रबराची पाती असलेली छोटी चकती असते. महिनोन्महिने इंजिन फिरले नाही की पाती वाकलेल्या जागीच कडक होतात. पुढे ऐन पुरात पाणी ओढले जात नाही आणि इंजिन तापून बसते. खालच्या गिअरचे तेल दुधासारखे पांढरे दिसले, तर सील गळून आत पाणी शिरले म्हणून समजावे. इंजिन ज्या मागच्या फळीला टांगतात, तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते. हातोडीने ठोकून पाहावे. आवाज बद आला तर लाकूड कुजले. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला दमटपणा पितो आणि टाकी बराच काळ तशीच ठेवली तर पाण्यासह तळाशी वेगळे बसते. गेल्या वर्षीच्या पेट्रोलवर यंदाच्या पुरात जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

त्या बोटीची फळी आम्ही नवी घातली, चकती आणि रबरी नळ्या बदलल्या, कार्बोरेटर धुतला. मदतीला गावातला एक कोरकू तरुण होता. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन बुडवून चालवले, तेव्हा त्याने उत्तम दम धरला. पण पुढच्या उन्हाळ्यात बोट पुन्हा शेडमध्ये, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही! दुरुस्ती झाली होती. सांभाळणारा मात्र कोणी नेमलाच नव्हता.

हा प्रश्न केवळ आमच्या रानातला नाही. इंग्लंडच्या डोनाल्ड कॅम्पबेल यांनी ‘ब्लूबर्ड के-७’ या बोटीवर १९५५ ते १९६४ या काळात पाण्यावरील वेगाचे सात जागतिक विक्रम केले. १९६६ मध्ये तिला ऑर्फियस जेट इंजिन बसवले. आपल्या हवाई दलाच्या ‘नॅट’ विमानातही याच जातीचे इंजिन होते. ४ जानेवारी १९६७ रोजी कोनिस्टन सरोवरात बोट उलटली आणि कॅम्पबेल गेले. ३४ वर्षांनी, २००१ मध्ये, बोट वर काढली. हौशी मंडळींनी अनेक वर्षे खपून, शक्य तितके मूळचे पत्रे सरळ करून, २०१८ मध्ये तिला स्कॉटलंडच्या एका तळ्यात पुन्हा धावायला लावले. मग वाद उभा राहिला, बोट कोणाची? २०२४ मध्ये ती कोनिस्टनच्या संग्रहालयात परतली. तळातून वर काढलेल्या बोटीलाही शेवटी हाच प्रश्न सुटला नाही: सांभाळणार कोण?

आपल्या किनाऱ्याचेही तेच. सागरी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना २०४ वेगवान बोटी मिळाल्या. पुढे काही राज्यांत त्या सुटे भाग, इंधन किंवा जाणकार माणसांअभावी पडून राहिल्याचे लेखापरीक्षणातून समोर आले.

कोणी म्हणेल, जुने कशाला उकरता, नवे घ्या. खोळ कुजली असेल तर जरूर टाकून द्या; तिथे हट्ट नको. पण त्याच शेडमध्ये नवी बोटही पाच वर्षांत जुनी होईल. म्हणून बोटीच्या खरेदीच्या कागदावरच तिच्या वार्षिक देखभालीची रक्कम लिहिलेली असावी. प्रत्येक बोटीला एक नाव-गाव असलेला जबाबदार माणूस हवा. दर पंधरवड्याला पिंपात इंजिन चालवावे, मृगाआधी तलावात सराव घ्यावा. आणि नदीचा स्वभाव जाणणाऱ्या गावातल्या पोरांना हे काम शिकवून त्याचा मेहनताना द्यावा.

खंडेनवमीला आपण यंत्रांना झेंडू वाहतो. भाव चांगला आहे. पण त्याच दिवशी तेलही बदलले, तर पूजा यंत्रापर्यंत पोहोचली म्हणायची. पुरात अडकलेल्या माणसाला आपली बोट कोणत्या साली घेतली याच्याशी कर्तव्य नसते. ती येते की नाही, एवढेच तो पाहत असतो.