सांधा सांभाळला, तर घर सांभाळलं



लेटरकेनीत घर घेताना भूकंपाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. डोनेगलमध्ये धास्ती असते ती अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याची. पण आपल्यातल्या बहुतेकांचं दुसरं घर, आईवडिलांचं, सासूसासऱ्यांचं किंवा कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, महाराष्ट्रात आहे. आणि तिथल्या जमिनीचा अंदाज एकदा फार वाईट चुकला आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. किल्लारीचा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचा मणामणाचा भार. दगड कच्चा नव्हता, पण दगडाला दगड आणि भिंतीला भिंत धरून नव्हती. हजारो माणसं झोपेतच गेली. पुढे जुनी घरं मजबूत करताना भिंतीत आरपार जाणारे दगड बसवले, चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घातला. म्हणजे दुरुस्ती झाली ती सांध्यांची.

पोलादी इमारतींचंही तसंच. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती उभ्याच राहिल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. नंतर आवरणं काढून पाहिलं, तर शंभराहून जास्त इमारतींत तुळई आणि खांब जोडणारं वेल्डिंग तडकलेलं! बरोबर एका वर्षाने जपानमध्ये कोबेलाही असेच सांधे तुटले.

मग इंजिनियरांनी तुळईच्या टोकाजवळ दोन्ही कडा थोड्या कापून तिथे मुद्दाम कमजोर जागा ठेवायला सुरुवात केली. हादरा बसला की तुळई तिथे वाकते आणि सांधा वाचतो. पण तार चारदा इकडेतिकडे वाकवली की काय होतं, हे आपण जाणतो. वाकलेलं पोलाद पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. माणसं वाचतात, इमारत मात्र पाडावी लागू शकते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११ च्या भूकंपानंतर शहराच्या मध्यभागातल्या शेकडो इमारती पाडाव्या लागल्या. अनेकांचा जीव वाचला, पण घर, दुकान किंवा कामधंदा गेला.

हेच टाळण्यासाठी न्यूझीलंडमध्येच, त्या भूकंपाच्या आधीच, सरकणारा सांधा पुढे आला होता. आपली सांडशी आठवा. खिळा फार घट्ट असला तर ती उघडत नाही, फार सैल असला तर पातेलं निसटतं. या सांध्यात तुळईची वरची बाजू खांबाशी पक्की असते, ती बिजागरीसारखी फिरते. खालच्या बाजूच्या पट्ट्यांना लांबट भोकं असतात आणि त्यांतून बोल्ट करकचून आवळलेले असतात. रोजच्या वापरात, वाऱ्यातही, सांधा हलत नाही. मोठा हादरा बसला की पट्ट्या एकमेकींवर घासत सरकतात आणि गाडीच्या ब्रेकप्रमाणे भूकंपाची ताकद घर्षणात जिरते. तुळई वाकत नाही. नंतर बोल्ट तपासायचे, लागतील ते बदलून पुन्हा आवळायचे. वेलिंग्टनमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या ते पुनी या विद्यार्थी वसतिगृहात असे सांधे वापरले आहेत.

आपले फ्लॅट बहुधा काँक्रीटचे असतात, तरी प्रश्न बदलत नाही. काँक्रीटमध्ये खांब आणि तुळई जिथे भेटतात, तिथे लोखंडी रिंगा जवळजवळ असाव्या लागतात. त्यासाठी आयएस १३९२० हे भारतीय मानक आहे. तेव्हा यंदा सुट्टीत गावी जाऊन फ्लॅट पाहाल, तेव्हा टाइल्स आणि मॉड्युलर किचन जरूर बघा. पण बिल्डरला हेही विचारा, "स्ट्रक्चरल इंजिनियर कोण? सांध्यांतल्या रिंगा या मानकाप्रमाणे आहेत का? ड्रॉइंग दाखवता का?" काम चालू असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी साइटवर जाऊन रिंगांचे फोटो काढून ठेवा. एकदा प्लास्टर चढलं की सांधा कुणालाच दिसत नाही.