जुगार निषिद्ध, परवाना असल्यास क्षम्य!

गोमंतकाच्या कायदेपुस्तकात १९७६ सालचा एक कायदा आहे. ‘गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा’ असे त्याचे नाव. त्याची पहिली कलमे वाचली तर वाचणाऱ्याला वाटावे की, या भूमीत फासा पडण्याचा आवाजदेखील ऐकू येत नसेल. जुगाराचा अड्डा चालविणे गुन्हा, तेथे सापडणे गुन्हा, साधने बाळगणे गुन्हा. मग वाचक कलम १३-अ पर्यंत येतो आणि तेथे त्याला कळते की, या कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी सरकारला योग्य वाटल्यास, सरकार सांगेल त्या अटींवर आणि सरकार ठरवील ते शुल्क भरल्यास हाच जुगार राजमान्य होतो. १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी हे दार किलकिले झाले. १९९६ साली समुद्रातील जहाजांवरच्या पत्त्यांच्या व चक्रांच्या टेबलांसाठी ते सताड उघडले गेले. निषेधाचा कायदा न बदलता, त्याच्याच पोटात परवानगीचे कलम घालण्याची ही करामत खरोखर पाहण्यासारखी आहे.

योगायोग असा की, त्याच १९७६ साली शेजारच्या महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रणाचा व कराचा स्वतंत्र कायदा संमत केला होता. तो अमलात मात्र कधी आणला नाही. ४७ वर्षे तो कपाटात पडून राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. ज्या राज्याने परवानगी देणारा कायदा केला तेथे कॅसिनो आले नाहीत. ज्या राज्याने बंदीचा कायदा केला तेथे ते नदीत नांगर टाकून बसले!

नदीत, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. कायद्याच्या शब्दांत ही जहाजे ‘ऑफशोअर’, म्हणजे किनाऱ्यापासून दूर समुद्रात असलेली. पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून संध्याकाळी फिरायला निघालेल्या कोणाही नागरिकाला विचारावे की, हे ‘दूर’ नेमके किती दूर आहे. दिवे येथूनच दिसतात, गाणी येथूनच ऐकू येतात. मांडवीतून ही जहाजे हलविण्याचे आश्वासन मिळत राहते आणि तेथेच राहण्याची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढत राहते. विरोधी बाकांवर असताना कॅसिनोविरुद्ध रस्त्यावर उतरलेला पक्ष २०१२ साली सत्तेवर आला. मुदतवाढीचा परिपाठ थांबला नाही. परवाने देणारे काँग्रेसचे, ते चालू ठेवणारे भाजपचे. या एका बाबतीत गोमंतकात पक्षभेद उरलेला नाही.

आम्ही सोवळेपणाचा आव आणू इच्छित नाही. चवथीच्या जागरणाला पत्ते पिसले गेले नाहीत असे घर आमच्याकडे विरळाच. जत्रेत देवळाच्या मागच्या अंगाला मांडलेले पटही आम्हां सर्वांना ठाऊक आहेत. मनुष्याला नशिबाशी खेळण्याची ओढ असते, हे ऋग्वेदातील अक्षसूक्ताच्या कर्त्यालाही माहीत होते आणि धर्मराजालाही कळले, पण फार उशिरा. प्रश्न ओढ आहे की नाही हा नाही. राज्यकर्त्याने तिच्याशी कसे वागावे, हा आहे. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले. कौटिल्याची दृष्टी व्यवहाराची. त्याने द्यूतासाठी अध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी चालवावा असे ठरविले, इतरत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड ठेवला, खोटे फासे वापरणाऱ्यास त्याहून कडक शिक्षा सांगितली, आणि जिंकलेल्या रकमेतून शंभरास पाच असा राजभाग घेतला. गुप्तपणे गुन्हे करून जगणारे लोक अशा ठिकाणी हाती लागतात, हाही त्यामागचा हेतू त्याने लपविला नाही. म्हणजे देखरेख आधी, राजभाग नंतर. आमच्या सरकारने यांतील राजभाग तेवढा उचलला.

हे कठोर बोलणे वाटत असेल तर लॉटरीकडे पाहावे. सरकारी लॉटरीला मुभा असलेल्या मोजक्या राज्यांत केरळ व महाराष्ट्राप्रमाणे गोवाही आहे. लॉटरीविषयी १९९८ सालचा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात अटी स्पष्ट आहेत: एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवता येणार नाही, आठवड्यातून एकाहून अधिक सोडत नाही, तिकिटे राज्य सरकारनेच छापायची, विक्रीचे पैसे राज्याच्या खात्यात जायचे. एकेरी आकड्याला बंदी का? कारण तो मटका झाला. संसदेला निदान हा भेद कळला होता. उलट, ज्या कॅसिनोंत एका रात्रीत घर बुडू शकते, त्यांच्यासाठी मूळ कायद्यात एक कलम, आणि त्या कलमात मुख्य शब्द ‘शुल्क’. ते शुल्क २०१८ साली जहाजाच्या क्षमतेनुसार वर्षाला २५ ते ४० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. एवढी रक्कम एकेका जहाजाकडून घेणारे सरकार त्या जहाजाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहणार?

२०१२ सालच्या दुरुस्तीने गेमिंग आयुक्त नेमण्याची आणि गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नाकारण्याची तरतूद झाली. तिला हात-पाय फुटायला २०२० साल उजाडावे लागले. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना बंदी, अशी घोषणा झाली आणि गेमिंग आयुक्त म्हणून कोणाची निवड झाली? व्यापारी कर आयुक्तांची. त्या अधिकाऱ्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण ज्याच्या कामाचे माप वसुलीवरून घेतले जाते, त्यानेच दाराशी उभे राहून माणसे परत पाठवायची, ही व्यवस्था कशी चालावी? आणि त्या बंदीमागील नीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. जे आमच्या मुलांना घातक, ते बेळगाव, पुणे वा हैदराबादेच्या मुलांना चालते काय? शिवाय आमच्या मुलांना तेथे खेळण्यास मनाई आहे. पत्ते वाटण्यास, हिशेब राखण्यास, पहाटेपर्यंत उभे राहण्यास नाही. त्यांच्या पगारावर घरे चालतात, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच ‘उद्याच सर्व जहाजे हाकलून द्या’ अशी टाळ्या घेणारी मागणी आम्ही करीत नाही.

केंद्राची तऱ्हा वेगळी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा दोन दिवसांत संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तरुण कर्जबाजारी होतात, कुटुंबे उद्ध्वस्त होतात, हे त्यामागील कारण. कारण खरेच आहे. मग सप्टेंबरात जीएसटी परिषदेने कॅसिनो, लॉटरी व सट्टा यांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेला. फोनवरचा जुगार हा रोग, आणि जहाजावरचा तोच जुगार हे उत्पन्न! जुगार हा राज्यसूचीतील विषय आहे, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण मग त्या करातील आपला अर्धा वाटा केंद्राने घ्यायला तरी संकोचावे.

या सर्वांत पोलिसांच्या वाट्याला काय येते? मटक्याची चिठ्ठी लिहिणारा पोरगा आणि जत्रेतला पटवाला. त्यांना धरू नये असे आम्ही म्हणत नाही. ते बेकायदाच आहेत. परंतु दहा रुपये लावणारा मजूर गुन्हेगार आणि दहा लाख लावणारा पाहुणा ‘पर्यटक’, हा भेद कायद्याचा कमी व पैशाचा अधिक आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात जुगार हा संरक्षणास पात्र असा व्यापार नव्हेच, असा निर्वाळा दिला. म्हणजे परवाना हा कोणाचा हक्क नाही. राज्य तो केव्हाही कठोर अटींनी बांधू शकते. न्यायालयाने दिलेले हे शस्त्र सरकारने म्यानातून काढलेले नाही.

आमची मागणी साधी आहे. करवसुलीशी संबंध नसलेला, विधानसभेला उत्तरदायी असा गेमिंग आयुक्त नेमावा. किती गोमंतकीयांना दारातून परत पाठविले, किती जहाजांवर कारवाई झाली, याचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे ठेवावा. ‘ऑफशोअर’ म्हणजे किती अंतर, हे मैलांत लिहावे. आणि पुढच्या वेळी मांडवीची मुदतवाढ मंत्रिमंडळापुढे येईल, तेव्हा ती का हवी, हे चार ओळींत जनतेला सांगावे. तेवढ्या ओळी छापायला आमच्या पानावर जागा आहे.