मैदान सार्वजनिक असेल तरच संघ उभा राहील

नोव्हेंबर २०२५ च्या उत्तरार्धात दहा दिवसांच्या आत तीन घटना घडल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर राजधानी क्षेत्रातील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानी स्पर्धा विषारी हवेमुळे पुढे ढकलण्याचे आदेश निघाले. पाठोपाठ हरियाणातील बहादूरगड आणि रोहतक जिल्ह्यातील लाखन माजरा येथे बास्केटबॉलचा जीर्ण खांब अंगावर कोसळून पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलांचा बळी गेला. आणि २६ नोव्हेंबर रोजी ग्लासगो येथे २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाल्याचे जाहीर होताच सत्ताधाऱ्यांनी जयघोष सुरू केला. वरवर पाहता ह्या तीन निरनिराळ्या बातम्या. वस्तुतः तिन्हींचे मूळ एकाच धोरणात आहे. सोहळ्यासाठी पैसा आहे. रोजच्या मैदानासाठी, खांबासाठी, हवेसाठी नाही.

ह्या धोरणाची सर्वांत मोठी किंमत कोण मोजतो हे पाहायचे असेल तर दिल्लीतील महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल संघाचा एक मोसम डोळ्यांपुढे आणावा. हा विषय फावल्या वेळेचा आहे, आणि तोही सुखवस्तू घरांतील मुलींचा आहे, असा आक्षेप आपल्या चळवळीतूनही येऊ शकेल. त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. कारण हा आक्षेप मान्य केला तर मैदानाचा ताबा आपण होऊन प्रतिपक्षाच्या हाती दिल्यासारखे होईल.

मोसम कसा चालतो

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश होतात. दिल्ली विद्यापीठात क्रीडा व कला मिळून जास्तीत जास्त ५ टक्के जागा ह्या राखीव वाटेने भरल्या जातात. चाचणी होते, संघ ठरतो, सराव सुरू होतो. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग भारतीय विद्यापीठ संघाच्या विद्यमाने विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. कागदावर हा क्रम नीटनेटका दिसतो. प्रत्यक्षात दिवाळीनंतर दिल्लीची हवा श्वास घेण्यालायक राहत नाही, आणि सत्रपरीक्षाही त्याच सुमारास येऊन उभी राहते. २०११ साली सर्व पदवी अभ्यासक्रमांना लागू झालेल्या सत्रपद्धतीने वर्षाचे दोन तुकडे केले. सरावाला लागणारा सलग काळ त्यामुळे तुटला.

बास्केटबॉल हा मुळात बंदिस्त सभागृहातला खेळ. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तो हिवाळ्यात आत खेळता यावा म्हणूनच शोधला. दुसऱ्याच वर्षी सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयातील मुलींना तो शिकवायला घेतला. म्हणजेच महाविद्यालयीन मुलींचे बास्केटबॉल जवळजवळ बास्केटबॉलइतकेच जुने आहे. आपल्याकडे मात्र हा खेळ बहुतांशी उघड्यावर, सिमेंटच्या मैदानावर खेळला जातो. ह्या टणक जमिनीवर उडी मारून उतरताना गुडघ्यावर किती भार येतो हे खेळाडूच जाणतात. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण ह्या खेळात पुरुषांपेक्षा महिलांत कितीतरी अधिक असल्याचे वैद्यकीय अभ्यासांनी दाखविले आहे. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र घरचे करतात.

हवा बिघडली की उघड्यावरचा सराव थांबतो. तो थांबलाच पाहिजे, कारण फुप्फुसे खेळाडूचीच असतात. परंतु ज्याच्यापाशी छप्पर असलेले, हवा गाळणारी यंत्रे बसविलेले सभागृह आहे, त्याचा सराव थांबत नाही. गुडगाव-नोएडाच्या खाजगी संकुलांत तासाच्या भाड्याने मैदान मिळते. प्रदूषण सर्वांना सारखेच ग्रासते हे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. एकच धुके एका संघाचा मोसम बुडवते आणि दुसऱ्याच्या दारातही शिरू शकत नाही, ह्याला वर्गभेद म्हणतात.

फाटक आणि भाडे

दिल्लीतील महिला महाविद्यालये ही समाजाची कमाई आहे. इंद्रप्रस्थ महाविद्यालय १९२४ चे, मिरांडा हाऊस १९४८ चे, लेडी श्रीराम १९५६ चे, कमला नेहरू १९६४ चे. काहींच्या पाटीवर उद्योगपतींच्या घराण्याचे नाव आहे; तथापि अध्यापकांचे पगार सार्वजनिक अनुदानातून होत आले. ह्या अनुदानाच्या मुळावरच आता घाव घातला जात आहे. २०१७ साली उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापून इमारती व सुविधांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देण्याची पद्धत सुरू झाली. कर्ज फेडायचे तर शुल्क वाढवावे लागते. आणि काटकसरीची कात्री चालते तेव्हा ती प्रथम ग्रंथालय, वसतिगृह आणि मैदान ह्यांवर चालते. मानधनावर नेमलेला प्रशिक्षक वर्षभर टिकेल ह्याची शाश्वती नसते. ज्याची नोकरीच कच्ची, त्याच्या हातून पक्का संघ कसा तयार होणार?

दुसरा अडसर फाटकाचा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सराव ऊन उतरल्यावरच होऊ शकतो. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मात्र मुलांच्या वसतिगृहापेक्षा आधी बंद होते. १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर लाखो तरुण रस्त्यावर उतरले, ते भयमुक्त स्वातंत्र्याच्या मागणीसाठी. व्यवस्थेने उत्तर दिले ते अधिक कुलपांचे. २०१५ साली दिल्लीतील विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' ह्या नावाने ह्या कुलपांविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षीच्या, २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत सुरक्षिततेचे निमित्त करून विद्यार्थिनींवर भेदभावाचे नियम लादू नयेत असे स्पष्ट म्हटले गेले. कागदावरचा हा विजय चळवळीचा होता. तो प्रत्येक फाटकापर्यंत पोहोचविणे हे काम अद्याप बाकी आहे.

तिसरा अडसर भाड्याचा. २०१७ ह्या एकाच वर्षात दिल्ली मेट्रोचे कमाल भाडे दोन टप्प्यांत ३० रुपयांवरून ६० रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ६४ झाले. विद्यार्थी सवलतीच्या पासाची मागणी विद्यार्थी संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. सोनीपत, बहादूरगड वा गाझियाबादहून रोज येणाऱ्या मुलीला सरावासाठी दीड तास थांबायचे म्हणजे अंधारात घर गाठायचे. तिने संघ सोडला की 'मुलींना खेळात रस नाही' असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

आणि जिला नियमित महाविद्यालयातच प्रवेश मिळाला नाही तिचे काय? दिल्ली विद्यापीठाच्या अ-महाविद्यालयीन महिला शिक्षण मंडळाचे वर्ग शनिवार-रविवारी आणि सुट्टीत भरतात. १९६२ साली पत्राद्वारे शिक्षणाची संस्था म्हणून सुरू झालेल्या मुक्त अध्ययन विद्यालयात विद्यार्थ्यांची संख्या लाखांत आहे. दुकानात, कार्यालयात, शिकवण्यांत राबून पदवी मिळविणाऱ्या कष्टकरी घरांतल्या मुली येथे आहेत. त्यांच्या वाट्याला रोजच्या सरावाचे मैदान येणार कोठून? महिला बास्केटबॉल हा सुखवस्तूंचा खेळ वाटतो, ह्याचे कारण येथे आहे. कामगाराच्या मुलीला मैदानाबाहेर ठेवायचे आणि मग तो तिचा खेळच नव्हे असे म्हणायचे, हा न्याय आपण मान्य करता कामा नये.

पदवीनंतर काय?

तीन-चार वर्षांनी शेवटचा सामना संपतो. त्यानंतर? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात बराच काळ सार्वजनिक क्षेत्राने दिले. वाराणसीच्या दिव्या, प्रशांती, आकांक्षा व प्रतिमा सिंग ह्या चार बहिणी भारतीय संघातून खेळल्या. प्रशांती सिंग यांना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. ह्या भगिनींच्या कारकिर्दीत दिल्ली आणि महानगर टेलिफोन निगम ही नावे पुन्हा पुन्हा येतात, कारण निगमने महिलांचा बास्केटबॉल संघ बाळगला होता. ह्या निगमचे पुढे काय झाले हे दिल्ली-मुंबईच्या वाचकांना सांगायला नको. खाजगी कंपन्यांपुढे तो जाणीवपूर्वक पंगू केला गेला, आणि जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम मिळून ९० हजारांहून अधिक कर्मचारी 'स्वेच्छानिवृत्ती'च्या नावाखाली घरी गेले. संप करून वाचवायच्या होत्या त्या केवळ टेलिफोनच्या तारा नव्हत्या. त्या तारांना लोंबकळत एक बास्केटबॉल संघही होता.

आता मुख्य आधार उरला आहे तो रेल्वेचा. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व दीर्घकाळचे आहे. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई आणि केरळच्या गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेच्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, पुण्याची शिरीन लिमये, हीदेखील रेल्वेचीच खेळाडू. ह्यामागे कोणाचे औदार्य नव्हते. पगार, निवृत्तिवेतन, बाळंतपणाची रजा आणि सरावासाठी सुट्टी देणारी कायम नोकरी होती. २०२३ साली खुद्द सरकारने संसदेत रेल्वेतील सुमारे अडीच लाख पदे रिक्त असल्याचे मान्य केले. ज्या खात्यात भरतीच गोठते, तेथे खेळाडूंची वाटही अरुंद होत जाते.

बाजाराने ही पोकळी भरली काय? २०१० साली बास्केटबॉल महासंघाने एका बड्या भांडवली समूहाच्या भागीदारीतील कंपनीशी तब्बल ३० वर्षांचा करार केला. व्यावसायिक लीगची स्वप्ने दाखविली गेली. त्या करारातून महिलांची लीग काही उभी राहिली नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आले ते १९७६ साली, माँट्रियल येथे. पहिले सुवर्णपदक सोव्हिएत संघाने जिंकले, १९८० चेही. त्या संघाची आधारस्तंभ लाटव्हियाची उल्याना सेम्योनोव्हा ज्या क्लबमधून खेळे तो 'टीटीटी रीगा' म्हणजे रीगा शहराच्या ट्राम आणि ट्रॉलीबस खात्याचा संघ; १९६० ते १९८२ ह्या काळात त्याने युरोपीय विजेतेपद १८ वेळा पटकावले. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या खेळाला बहर आला तो १९७२ च्या कायद्यानंतर. सार्वजनिक निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास त्या कायद्याने बंदी केली. २०२४ साली तेथील महाविद्यालयीन महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला. तरीही जुलै २०२५ मध्ये तेथील व्यावसायिक महिला खेळाडूंना आपले थकलेले देणे द्या अशी मागणी छापलेले सदरे घालून मैदानात उतरावे लागले. कायद्याने दार उघडले. मोबदल्यासाठी मात्र संघटनाच लागते.

लढ्याची दिशा

२०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगीरांनी देशाला आणखी एक गोष्ट शिकविली. सत्ताधारी पक्षाचा खासदार असलेल्या महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करण्याचे धैर्य साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. त्या एकाकी पडल्या नाहीत, कारण शेतकरी संघटना, महिला संघटना आणि कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणी आरोप निश्चित केले. निवड, प्रवास आणि प्रमाणपत्र ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध अठरा वर्षांच्या खेळाडूने एकटीने तोंड उघडावे अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे.

म्हणून ह्या प्रश्नावरील मागण्या ठोस असल्या पाहिजेत. प्रत्येक सार्वजनिक मैदानावरील खांब, फलक आणि जमीन ह्यांची दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल मैदानावरच लावला जावा. प्रत्येक विद्यापीठात छप्पर असलेले मैदान असावे आणि ते अ-महाविद्यालयीन व मुक्त विद्यालयाच्या मुलींनाही खुले असावे. प्रशिक्षकांची पदे कायम भरावीत. खेळाडूंच्या दुखापतींचा विमा संस्थेने उतरवावा. वसतिगृहाचे नियम मुलामुलींना समान असावेत. विद्यार्थ्यांना मेट्रोची सवलत मिळावी. सार्वजनिक उपक्रमांतील क्रीडाभरती पुन्हा पूर्णपणे सुरू व्हावी.

ह्यांतील एकही मागणी केवळ खेळाडूंची नाही. भाड्याची मागणी विद्यार्थी संघटनेची आहे, फाटकाची महिला संघटनेची, भरतीची कामगार संघटनेची आणि मैदानाची नगरातल्या प्रत्येक वस्तीची. जेथे आपले कार्यकर्ते आहेत, मग ते दिल्लीत असोत, नागपुरात, इंदुरात वा बेळगावात, तेथे त्यांनी आपल्या भागातील महाविद्यालयाच्या मैदानावर जाऊन खांब हलवून पाहावा, प्रशिक्षकाच्या नेमणुकीची चौकशी करावी, आणि संध्याकाळी सहानंतर तेथे मुली का दिसत नाहीत हे त्या मुलींनाच विचारावे. २०३० चे दिवे अहमदाबादेत पेटतील तेव्हा पेटतील. लाखन माजऱ्यासारखा दुसरा खांब कोसळू नये ह्यासाठी मात्र आजच हालचाल केली पाहिजे.