मंटो आपला की त्यांचा?

गेल्या आठवड्यात वर्गात मंटोची ‘टोबा टेक सिंह’ वाचून दाखवली. फाळणीनंतर दोन देश वेड्यांचीही वाटणी करतात, त्याची ही कथा. तास संपताना एका मुलाने विचारलं, “सर, मंटो आपला की त्यांचा?”

मंटो 1948 च्या जानेवारीपर्यंत मुंबईत होता. 1955 साली लाहोरला वारला. एवढं सांगून मी थांबलो. खरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

2013 च्या जानेवारीत मंटोवरचं नाटक घेऊन लाहोरची ‘अजोका’ ही संस्था दिल्लीच्या भारत रंग महोत्सवात आली होती. सीमेवर तणाव वाढला आणि महोत्सवातला प्रयोग रद्द झाला. शेवटी दिल्लीतल्याच एका छोट्या नाट्यगृहाने त्यांना रंगमंच दिला.

शीतयुद्धातही तणाव कमी नव्हता. पूर्व जर्मनीला भारताने 1972 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण मान्यता दिली. पण तिथला दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ 1970 सालीच दिल्लीत ब्रेख्तचं नाटक बसवत होता. वकिलातीआधी नाटक पोचलं. पुढे ब्रेख्तच्याच एका नाटकाला आपल्या कोकणच्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठी रूप दिलं आणि बेनेविट्झच्या साथीने विजया मेहतांनी ते उभं केलं: ‘अजब न्याय वर्तुळाचा’. भिंतीपलीकडच्या पश्चिम बर्लिनला 1980 साली ‘घाशीराम कोतवाल’ गेलं. ‘परदेशात आपली बदनामी होईल’ म्हणून इथे केवढा विरोध झाला! तरी ते गेलं. मराठी नाटकाने दोन्ही बर्लिनवाल्यांशी नातं ठेवलं.

सरकारांचा यात स्वार्थ होताच. पूर्व जर्मनीला मान्यता हवी होती, पश्चिमेला आपलं वजन राखायचं होतं. नाटकाने भिंतही पडली नाही. ती 1989 पर्यंत उभी होती. मग उपयोग काय? माझ्या मते एवढाच, की पलीकडे माणसं राहतात हे विसरायला होत नाही. ते एकदा विसरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लाहोरची नाटकं इथे यावीत, आपली तिकडे जावीत, हे दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते मत ठरतं. माझ्या नावाच्या माणसाने म्हटलं की आधी निष्ठेचा दाखला मागतात. म्हणून आपल्यातले बरेच जण गप्प बसतात. मीही बसलो आहे. पण दहशतवादाचा निषेध आणि नाटकाचं स्वागत एकाच तोंडाने करता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

‘अजब न्याय’मध्ये दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात. न्यायाधीश त्याला वर्तुळात उभं करून दोघींना ओढायला लावतो. मूल फाटेल या भीतीने जी हात सोडते, मूल तिला मिळतं. जन्म देणारी ती नव्हे, सांभाळणारी.

उद्या त्या मुलाला सांगणार आहे: मंटो त्याचा, जो त्याला ओढत नाही, वाचतो.